सव्वीस जानेवारीचा सत्यनारायण

आमच्या शाळेत सव्वीस जानेवारीला दोन पूजा व्हायच्या. सकाळी झेंड्याची, आणि झेंडा वर गेला की तासाभरात सत्यनारायणाची. मुलांना दोन्हींतला फरक एवढाच ठाऊक होता, की झेंड्यानंतर गोळ्या मिळतात आणि सत्यनारायणानंतर केळं घातलेला शिरा. त्यामुळे प्रजासत्ताकापेक्षा सत्यनारायणाची लोकप्रियता जास्त होती, यात नवल काही नाही.

मी देव मानणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला नास्तिकांच्या पंगतीत बसवायचं. चतुर्थी करते, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेले की पाण्याला हात लावून कपाळाला लावते, आणि पोराचा ताप उतरेना तेव्हा बोललेले नवस फेडलेत सुद्धा. पण मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. नागरिकशास्त्र म्हणजे ताटातली डाव्या बाजूची चटणी. असली तर असली, नसली तर कुणी मागत नाही. मला मात्र ती चटणी फार आवडायची. माझ्या वर्गातली पोरं मूलभूत हक्क पाढ्यासारखे म्हणायची, आणि एकाही पोरानं कधी विचारलं नाही, की बाई, हे हक्क आपल्या शाळेत कुठे ठेवलेत.

सत्यनारायणाचा शाळेतला रिवाज असा, की ज्या शिक्षकाचं लग्न सगळ्यांत अलीकडे झालं असेल, त्या जोडप्यानं पूजेला बसायचं. मीही एकदा बसले होते. आमचे हे रात्रपाळी करून थेट आलेले, साधुवाण्याची नाव पाण्यात बुडते न बुडते तोच यांची मान खाली. भटजींनी पळीभर पाणी हातावर घातलं तेव्हा "अं, काय झालं?" म्हणून दचकून जागे झाले. सगळी शाळा हसली. पुढे कित्येक वर्षं स्टाफरूममध्ये माझ्या नवऱ्याचं नाव निघालं, की कुणीतरी पळी मागायचंच.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आमच्याकडे विज्ञान शिकवायला एक तरुण शिक्षक आले. बौद्ध समाजातले. शांत, नीटनेटके, आणि फळ्यावर आकृती अशी काढायचे, की पुसायला जीव होऊ नये. ही गोष्ट घडली तेव्हा त्यांची दोन वर्षांची उमेदवारीची मुदत संपत आली होती. हेडसरांनी चांगला शेरा दिला, की उन्हाळ्यात ते कायम होणार होते. कायम होणं म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. शेरा वाईट गेला, की "सेवा समाप्त" एवढे दोनच शब्द हातात, आणि माणूस पुन्हा रस्त्यावर. त्यांच्या घरात कमावणारे ते एकटेच. वडील थकलेले, नवरी नुकतीच घरात आलेली. डिसेंबरातच त्यांचं लग्न झालं होतं.

हो, डिसेंबरात. म्हणजे हिशेब तुमच्या ध्यानात आला असेल.

आमच्या हेडसरांच्याही आला. जानेवारीच्या पहिल्या बैठकीत ते उभे राहिले. खादीचा सदरा, पिकलेल्या मिशा, आवाजात नेहमीची जरब. तरुणपणी देशासाठी तुरुंगात जाऊन आलेला माणूस होता तो. शाळेत पाण्याचा एकच माठ सगळ्यांना, हा नियम त्यांनी पुष्कळांशी भांडून आणलेला. ते म्हणाले, "याच नाशकात देवळाच्या दारात माणसांना वर्षानुवर्षं उभं ठेवलं गेलं. दार उघडलं नाही. ते पाप आपल्या गावाच्या कपाळी आहे. यंदा आपल्या शाळेचा सत्यनारायण आपले विज्ञानाचे सर आणि त्यांची पत्नी करतील. आपल्यात भेदभाव नाही, हे अख्ख्या नाशकाला दिसू दे!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कडाकडा वाजवल्या. मग माझं लक्ष त्या मुलाकडे गेलं. मुलगाच तो, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. तो टाळ्या ऐकत होता आणि त्याचं तोंड उतरून एवढंसं झालं होतं.

सुट्टीत विज्ञानाचे सर माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, मी बसू शकत नाही हो."

"का? घरी कुणाचं सुतक आहे?" मी आपलं सरळ विचारलं.

"नाही. आम्ही प्रतिज्ञा घेतलेली आहे. देवदेवतांची पूजा करणार नाही, म्हणून. लग्नातसुद्धा दोघांनी उभं राहून म्हटलीय." मग जरा थांबून म्हणाले, "आणि नाही म्हटलं, तर सर काय म्हणतील? माझा शेरा त्यांच्या हातात आहे."

इकडे आड, तिकडे विहीर. बरं, हेडसर वाईट असते तर सोपं होतं, चार शिव्या घालून मोकळे झालो असतो. पण हा माणूस त्यांच्यासाठी स्वतः भांडून आला होता! शाळेचे नेहमीचे भटजी म्हणाले, की यजमान असे असतील तर मला जमणार नाही. हेडसरांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं आणि पंचवटीतून दुसरे भटजी ठरवले. स्वतःच्या खिशातून नवं धोतर-उपरणं आणलं. संस्थेच्या अध्यक्षांना मुद्दाम निमंत्रण धाडलं. एवढं सगळं ज्याच्या मानासाठी केलं, त्यानंच नाही म्हणायचं?

दोन दिवसांनी हेडसरांनी मला बोलावलं. त्यांच्या कानावर कुजबुज गेली होती. "बाई, तुम्ही त्यांच्या घरी जा आणि समजावा. मुलगा बुजलाय. पिढ्यान् पिढ्या दूर ठेवलेली माणसं, बुजणारच. तुमचं ऐकतील."

"जाते," मी म्हणाले. खरं सांगते, तेव्हा मला वाटत होतं, तासभर पाटावर बसायला काय जातं? नोकरी राहील, हेडसरांचा शब्द राहील. सोन्याहून पिवळं.

पण त्याच आठवड्यात माझं दुसरंच एक कुलंगडं चाललं होतं. सव्वीस जानेवारीचं भाषण त्या वर्षी माझ्याकडे होतं. दरवर्षी जो उठतो तो त्याच दोघा-तिघा थोर पुरुषांवर बोलतो, तीच वाक्यं, तेच हातवारे, आणि मुलं उन्हात चुळबुळत शिऱ्याची वाट बघतात. मी ठरवलं, आपण अशा माणसांवर बोलायचं, ज्यांचा फोटो एकाही शाळेच्या भिंतीवर नाही. अहो, घटना काही दोघा-तिघांनी एका खोलीत बसून लिहिली नव्हती. देशभरातून आलेली माणसं घटना समितीच्या सभेत वर्षानुवर्षं बसली, बोलली, भांडली. त्यांतल्या बहुतेकांना आज त्यांच्या गावातसुद्धा कुणी ओळखत नसेल.

गावातल्या जुन्या वाचनालयात त्या सभेतल्या चर्चेचे जाडजूड इंग्रजी खंड होते. ग्रंथपाल फडक्यानं धूळ झटकत म्हणाले, "बाई, हे आल्यापासून तुम्हीच पहिल्या." मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. माझं इंग्रजी म्हणजे खडीचा रस्ता, गाडी जायची पण हाडं खिळखिळी व्हायची. तरी मी हटले नाही. संध्याकाळी शाळा सुटली, की तिथं. घरी स्वयंपाकाचे वांधे. आमचे हे म्हणायचे, "घटना लिहून झालीय ना? मग तू का परत लिहितेस?"

आणि तिथं मला ती चर्चा सापडली. घटनेचा सरनामा ठरत होता. एका सभासदानं सुचवलं, की सुरुवात देवाच्या नावानं करू या. चांगला शिकलेला, तळमळीचा माणूस. त्याचं म्हणणं असं, की एवढं मोठं काम आपण हाती घेतोय, तर त्याचं नाव घेऊन घेऊ. मला वाचताना वाटलं, बरोबरच आहे की. आपण पत्रिकेवरसुद्धा गणपतीचं नाव घालतो. मग दुसरे एक उठले, म्हणाले देवाच्याच नावानं का, देवीच्या का नको? वाचनालयात मला मोठ्यानं हसू आलं. म्हटलं, घ्या! देव आत यायच्या आधीच कुठला ते ठरवायचं भांडण दारात उभं.

पण हसू विरलं ते पुढचं वाचून. विरोधाला उठलेल्यांत देव न मानणारे असतील, अशी माझी समजूत. तर तसं नव्हतंच. दक्षिणेकडचे एक सभासद म्हणाले, मी स्वतः श्रद्धाळू आहे, पण ज्याची श्रद्धा नाही त्याच्या तोंडून ती वदवायचा हक्क मला कुणी दिला? आणखी एक वयस्क गृहस्थ, तेही त्याच अर्थाचं बोलले, की माणसाच्या मनातली जी सगळ्यांत पवित्र गोष्ट, तिथंच सक्ती करायची म्हणजे काय! एक बाई होत्या सभेत. त्यांनी हात जोडल्यासारखी विनवणी केली, की कृपा करा, देवाला मताला टाकू नका. सभेच्या अध्यक्षांनीही सुचवून पाहिलं, की सूचना मागे घ्या. पण गृहस्थ इरेला पेटलेले. शेवटी मतदान झालंच, आणि देवाचं नाव हरलं. हरवणाऱ्यांत किती जण त्या दिवशी सकाळी देवपूजा करून आले असतील, याचा विचार करत मी दिवे लागले तरी तशीच बसून राहिले.

मग मी मागचे-पुढचे खंड उलटे-सुलटे केले. एक मुसलमान वकील सापडले, त्यांचं म्हणणं धर्म हा माणसाचा आणि त्याला घडवणाऱ्याचा खासगी मामला, तो आईबापांनी घरी शिकवावा, शाळेनं नव्हे. एक प्राध्यापक होते, त्यांना राष्ट्र धर्मनिरपेक्ष असल्याचा शब्दच घटनेत लिहून हवा होता. तेव्हा तो नाकारला गेला आणि परवा-परवा, आणीबाणीत, कुणीतरी घातला. शपथेवरही चर्चा झाली होती. शेवटी ठरलं, ज्याला देव हवा त्यानं देवाला साक्ष ठेवून घ्यावी, ज्याला नको त्यानं नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोन्ही वाटा उघड्या, आणि कुठल्या वाटेनं जायचं ते चालणाऱ्यानं ठरवायचं. शाळांबद्दलही होतं. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणाला त्याच्या संमतीवाचून पूजेला हजर राहायला लावता येणार नाही. हे कलम तर मी दरवर्षी वर्गात शिकवत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेले. समजवायला गेले, हे विसरू नका. नाशिकरोडच्या बाजूला एक वसाहत, पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची घरं, दारात तुळस नाही पण सदाफुली. आत भिंतीवर निळ्या कोटातला तो सगळ्यांना ठाऊक असलेला फोटो. नव्या नवरीनं चहा केला. हातातला हिरवा चुडा अजून खणखणत होता. मी आपली सुरुवात केली, "हे बघ बाळ, तासाभराचा तर प्रश्न..."

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्या हेडसरांनी आम्हाला विचारलं होतं का?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"लग्नाची तारीख बघितली आणि नाव घालून टाकलं. आम्हाला बसायचंय का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी शिकलेय ताई, दहावीपर्यंत. मी बसणार नाही. ह्यांना बसायचं असेल तर त्यांनी दुसरी बायको शोधावी पूजेपुरती."

नवरा खाली मान घालून बशी फिरवत होता. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. काय पोरगी होती! कोपऱ्यात खाटेवर तिचे सासरे बसले होते. विंचूरकडच्या एका खेड्यातले, जन्मभर रेल्वेत रुळांवर राबलेले. इतका वेळ ते नुसते विडी ओढत होते.

"बाई," ते म्हणाले, "त्या देवळाच्या दारात मी उभा व्हतो. जवान व्हतो तवा. ऊन लय, मार बी खाल्ला. आमी म्हनत व्हतो, आत येऊ द्या. ते म्हनत व्हते, नाय. कैक वर्सं तेच. मंग आमीच म्हनलो, ऱ्हाऊ द्या तुमचा द्येव तुमाला. अन् त्या दाराकडं पाठ करून निघालो." विडी विझली होती, ती त्यांनी तशीच बोटांत धरून ठेवली. "आता तुमचे हेडसर म्हनत्यात, आत याच. तवा ते नाय म्हनले तरी आमचं काय चालत नव्हतं, आता ते याच म्हनत्यात तरी बी आमचं काय चालत नाय. मंग फरक काय पडला, सांगा की!"

मला एकदम त्या सभेतल्या बाई आठवल्या, हात जोडणाऱ्या. मी चहा संपवला आणि उठले. म्हटलं, "बसू नका. कुणी बसू नका. मी बघते सरांचं."

"बघते" म्हणायला काय जातं! दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत गेले. मला नोकरीला घेतलं ते त्यांनीच. मी म्हणाले, "सर, ते बसणार नाहीत. आणि त्यांचं बरोबर आहे."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टेबलावर हात आपटून म्हणाले, "मी भटजीशी भांडलो! लोकांच्या शिव्या खाल्ल्या! मी त्यांना मान देतोय बाई, मान! आणि ते नाकारणार? अध्यक्षांसमोर माझी शोभा करणार? अशा आडमुठ्या माणसाला कायम करायचं की नाही, याचा मला विचार करावा लागेल."

आता माझंही डोकं फिरलं. मी तापट आहे, हे आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालासुद्धा ठाऊक आहे. म्हटलं, "मान असा गळ्यात बांधून देतात का सर? विचारलंत त्यांना? नुसतं एकदा, हवंय का म्हणून?"

"त्यात विचारायचं काय?"

"मग आता विचारा. माझं भाषण झालं, की सगळ्यांसमोर विचारा. हो म्हणाले, तर मी स्वतः त्यांच्या कपाळाला कुंकू लावते. नाही म्हणाले, तर शेऱ्यात त्याचा एक शब्दही येता कामा नये. कबूल?"

सगळ्या शाळेसमोर, अध्यक्षांसमोर, तोंडावर कोण नाही म्हणणार, अशी सरांची खात्री असावी. "कबूल," ते म्हणाले. बाहेर आल्यावर माझ्या ध्यानात आलं. एका पोराची भाकरी मी एका उत्तरावर लावून आले होते. संध्याकाळी त्या मुलाला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "माझ्याच्यानं सगळ्यांसमोर बोलवेल का, बाई?" मी म्हटलं, "न बोलवायला काय झालं? चाळीस पोरं गप्प करता की रोज."

सव्वीस जानेवारीला थंडी कडाक्याची होती. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. व्यासपीठावर अध्यक्ष, कांद्याचे मोठे व्यापारी, गुलाबी फेटा बांधून. बाजूला चौरंग मांडलेला, केळीचे खांब, शिऱ्याचा वास मैदानभर. मी उभी राहिले आणि ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, त्या माणसांबद्दल बोलले. देवाच्या नावासाठी धडपडणाऱ्या त्या तळमळीच्या माणसाबद्दलही चांगलंच बोलले. देवीवाल्यांचं ऐकून मुलं खदखदली. मग मी सांगितलं, की देव मानणाऱ्यांनीच त्या दिवशी देवाच्या नावाला नाही म्हटलं, कारण त्यांचा देव त्यांना फार मोलाचा होता. त्यांना तो कुणावर लादायचा नव्हता. "त्यांनी दार बंद केलं नाही, बाळांनो. त्यांनी दार उघडं ठेवलं, आणि आत यायचं की नाही, हे येणाऱ्यावर सोडलं. घटना म्हणजे एवढंच. परीक्षेत पानभर लिहा, पण ध्यानात एवढं ठेवा."

टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या. मुलांना शिरा दिसत होता आणि मोठ्यांना हेडसरांचा चेहरा. सर उठले. हातात ते नवं उपरणं. त्यांनी विज्ञानाच्या सरांकडे पाहिलं आणि नेहमीच्या जरबेत नाही, जरा अडखळतच म्हणाले, "तुम्ही... पूजेला बसता का?"

तो मुलगा उभा राहिला. मी मनातल्या मनात माझ्या गणपतीला हाक मारली, बुद्धिदाता तू, आता त्याच्या जिभेवर बस. बघा माझी गंमत.

"नाही, सर," तो म्हणाला. आवाज कापत होता पण शब्द स्वच्छ. "तुम्ही विचारलंत, याबद्दल तुमचा आभारी आहे. पण आम्ही बसणार नाही. पूजा होईपर्यंत मुलांची रांग मी सांभाळतो."

हेडसरांची मान लाल झाली. उपरणं हातात तसंच. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात फेट्यातले अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले, "अहो हेडमास्तर, कुणी तरी बसा पटकन्, परसाद गार व्हायला लागला!"

मैदान हसलं. आणि सरांनी ते उपरणं झटकलं, स्वतःच्या खांद्यावर टाकलं, पुढच्या रांगेतल्या आपल्या पत्नीला हाक मारली आणि पाटावर जाऊन बसले. लग्नाला तीस-एक वर्षं झालेलं ते आमच्या शाळेचं सगळ्यांत नवं जोडपं. काकू पदर सावरत लाजल्या, ते बघून मोठ्या वर्गातल्या मुली खुसखुसल्या. विज्ञानाचे सर मैदानाच्या कडेला रांग सरळ करत उभे होते.

त्यानंतर हेडसर माझ्याशी कामापुरतंच बोलत. मी कुणाला घाबरत नाही, पण तो महिना माझा जीव टांगणीला लागला होता. सरांनी शब्द दिला होता, तरी राग माणसाला शब्द विसरायला लावतो. होळीच्या सुमारास मी वाचनालयात गेले, तर माझ्या नेहमीच्या खुर्चीवर हेडसर! नाकावर चष्मा, पुढ्यात तोच खंड. मी खोटं बोलले की काय, ते तपासायला आले होते. दुसरा कुणी असता तर मी रागावले असते. मला मात्र हसू आलं, कारण शिक्षकाची जात ती, फळ्यावरचं स्वतः पडताळल्याशिवाय मान्य करणार नाही.

मला बघून म्हणाले, "बाई, त्या देवाचं नाव मागणाऱ्या सभासदाविषयी तुम्ही काही सांगितलं नाहीत. तोही थोर माणूस होता."

"सांगितलं होतं, सर. तुम्ही रागात होतात, ऐकलं नाहीत."

त्यांनी त्या सभासदाच्या नावावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "त्याचं मन मला कळतं हो. चांगलं ते सगळ्यांना मिळावं, असं वाटतं माणसाला. ते विचारून द्यावं लागतं, हे कुणी आम्हाला शिकवलंच नाही."

उन्हाळ्यात शेरा गेला. शेरा चांगलाच होता. कायमचं पत्र हातात पडलं त्या दिवशी ती पोरगी आमच्या घरी आली, बेसनाचे लाडू घेऊन. माझ्या पाया पडायला वाकली, मी वरच्या वर धरलं. म्हटलं, "पाया पडू नकोस, आधी विचार, मला हवंय का ते!" दोघी पोट धरून हसलो.

शाळेतला सत्यनारायण पुढच्या वर्षापासून बंद झाला. त्यावर पुष्कळ जण नाराज झाले, मुलं तर फारच. हेडसरांनी कुणाला कारण सांगितलं नाही.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. इंदिरानगरला तेव्हा नुकती घरं उठत होती, रस्ते मातीचे, दिवे क्वचित. तिथं त्यांनी छोटंसं घर बांधलं आणि घरात सत्यनारायण घातला. आमंत्रणं द्यायला स्वतः सायकलवर फिरले. विज्ञानाच्या सरांच्या घरीही गेले. त्यांच्या वडिलांसमोर खाटेवर बसून म्हणाले, "माझ्या घरी पूजा आहे. पूजेला या, असं म्हणत नाही. सकाळी या, संध्याकाळी या, नुसतं घर बघायला या. वाटलं तर या. नाही आलात, तरी मी पुन्हा येईनच इथं चहाला."

पूजेच्या दिवशी दुपारी कथा संपली होती, पानं मांडायची घाई चालली होती. मी दारातच चपला नीट लावत होते. रिक्षा थांबली. मुलाचा आणि सुनेचा हात धरून म्हातारे उतरले. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, डोळ्यांना आता कमी दिसत होतं. पायऱ्या चढून आले आणि उंबऱ्यापाशी थांबले. चौकटीला ओल्या आंब्याच्या पानांचं तोरण होतं, ते त्यांच्या टोपीला लागलं.

हेडसर आतून लगबगीनं आले. "या, या ना आत. थांबलात का?"

"थांबा जरा, सर," म्हातारे म्हणाले. त्यांनी चौकटीवर हात ठेवला, लाकडावरून फिरवला. "उघड्या दारात हुबं ऱ्हाऊन कसं वाटतं, त्ये बघतो."

हेडसरांनी हात धरून ओढलं नाही, पुन्हा या म्हटलं नाही. नुसते समोर उभे राहिले. माझ्या हातातली चप्पल हातातच राहिली आणि डोळ्यांना धारा लागल्या, त्या मी पुसल्या नाहीत. मग म्हाताऱ्यांनी आपण होऊन पाय आत टाकला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पानी द्या कुनीतरी. ऊन लय हाय बाहेर."

पाणी सरांनीच आणलं.